रांगेतला रुमाल

आनंदनगरी म्हणे! गंजलेला आकाशपाळणा, माना टाकलेले लाकडी घोडे, सगळं मुद्दाम उदास केलेलं. जत्रेची थट्टा म्हणून कलाकारांनी मांडलेलं हे प्रदर्शन. तक्रार खिडकीपुढे प्लास्टरच्या सात पुतळ्यांची रांग होती. त्यांच्यावरची धूळ पुसायचं काम माझं.

एक आजोबा तरातरा आले आणि शेवटच्या पुतळ्यामागे उभे राहिले. "नातीला घेऊन आलो, तर पाळणा बंद! तक्रार करणार मी."

"अहो आजोबा, हे पुतळे आहेत. ती खिडकीसुद्धा भिंतीवर रंगवलेली आहे."

"असू दे. रांग म्हणजे रांग. तुमची नाही का कसली तक्रार?"

"ढीगभर आहेत. पण ऐकतंय कोण?" मी हसले.

संध्याकाळी बंद करायची वेळ झाली तेव्हा त्यांनी खिशातला रुमाल काढून आपल्या जागेवर टाकला. "जागा धरून ठेवलीय. सकाळी येतो. उचलू नका हं."

वयाचा मान म्हणून मी तो राहू दिला.

सकाळी फडकं घेऊन गेले, तर पुतळे सहाच. सगळ्यात पुढचा नव्हता. बाकीचे एकेक पाऊल पुढे सरकले होते आणि त्यांच्यामागे रुमालही. भिंतीवरची रंगवलेली खिडकी बोटभर उघडी होती.

पळावंसं वाटलं. मागे वळून पाहिलं, कोणीच आलेलं नव्हतं.

मग हातातलं फडकं मी हळूच रुमालाच्या मागे टाकलं.