चौथी टीम

"पण अण्णा, हरलेल्या टीमला परत घ्यायचंच होतं, तर आम्ही हरून रडलो कशाला?" मायाने विचारलं.

अण्णांनी चष्मा काढून कपाळ पुसलं. समजावून सांगायची ही तिसरी वेळ. अंबरनाथच्या मैदानावर मुलींची बेसबॉल स्पर्धा भरवायला लागून त्यांना चार वर्षं झाली होती, पण इतकी मंद पोरं त्यांना तीस वर्षांच्या मास्तरकीतही भेटली नव्हती. बुवापाड्याची कॅप्टन माया मातीत फतकल मारून बसली होती. मागे तिची अख्खी टीम.

"नीट बघा." त्यांनी काडीने तीन चौकोन काढले. "तीन गट. प्रत्येक गटातली पहिली टीम पुढे. झाल्या तीन. सेमीफायनलला लागतात चार. मग तिन्ही गटांतल्या दुसऱ्या टीममध्ये जिने जास्त सामने जिंकले, ती चौथी. अमेरिकेत याला वाइल्ड कार्ड म्हणतात. तुम्ही चार जिंकलात. तिसऱ्या गटातली दुसरी टीम दोनच. बेलवलीच्या मुली तीन, आणि त्यांचा एक सामना बाकी आहे, आत्ता, चामटोलीशी. त्या हरल्या की तुम्ही आत. जिंकल्या की बरोबरी, मग तुमचा त्यांच्याशी जादा सामना."

बुवापाड्याची टीम आजवर कधी सेमीफायनलला पोचली नव्हती. पोरींनी निदान हिशेब तरी समजून घ्यावा, एवढीच अण्णांची अपेक्षा होती.

"आणि रन आमचे जास्त असले तर?"

"रन धरत नाहीत. तुझं लक्ष कुठंय?"

चामटोलीचे कोच दौलतराव घड्याळ दाखवत आले. त्यांच्या मुली कधीच्या ग्लोव्ह घालून उभ्या होत्या. बेलवलीचा पत्ता नव्हता. "अण्णा, साडेदहा वाजले. वॉकओव्हर लिहा."

नियम अण्णांचाच होता. गेल्या वर्षी तीन मिनिटं उशीर झाला म्हणून त्यांनी सख्ख्या नातीची, ओवीची टीम बाद केली होती. त्यांनी पेन काढलं.

"अण्णा, उल्हासनगर आमच्या गटात नसतं तर आम्ही पहिल्या आलो असतो ना? मग आमचा गट बदला."

पेन तसंच राहिलं. "गट बदलून मिळत नाही, बाई. थांबा हो दौलतराव, हिच्या डोक्यात अजून काही शिरलेलं नाही." त्यांनी चौकोन पुसून नव्याने काढले. भूमितीचं प्रमेय एकदा सांगितलं की घडाघडा म्हणणारी ही पोरगी आज अशी का वागतेय, त्यांना कळेना.

"आणि पाऊस पडला तर?" मागून स्वप्नाली म्हणाली. डिसेंबरातलं निळंशार आभाळ डोक्यावर होतं.

"स्वप्नाली, तू तर बोलूच नकोस."

दौलतराव वैतागून येरझाऱ्या घालू लागले. अण्णा पहिल्यापासून सांगत राहिले. एक चौकोन, दुसरा चौकोन, तिसरा चौकोन.

एवढ्यात फाटकातून एक टेम्पो धुरळा उडवत आत आला. मागून बेलवलीच्या मुली पटापट उड्या मारत उतरल्या आणि धावतच मैदानात शिरल्या.

माया उठली. मागची माती झटकली. "कळलं, अण्णा. त्या जिंकल्या तर आम्हाला त्यांच्याशी खेळावं लागणार."

"मग इतका वेळ माझं डोकं का खाल्लंस?"

"स्वप्नालीच्या पप्पांच्या मोबाइलवर बेलवलीच्या मुलींचा फोन आला होता," माया म्हणाली. "टेम्पो पंक्चर झालाय, वीस मिनिटं लागतील म्हणाल्या."