तेल गळणारी गाडी

गिरधरकाका नात्याने कोणी नव्हते, पण सासरी चेतनाला माहेरची माया लावली ती त्यांनीच. त्यांची जुनी ऑस्टिन मोटार तिच्याच अंगणात उभी असे. खाली तेल ठिबकलं की काका हसत, "तेल गळस म्हणजे गाडी जित्ती शे, बेटा!"

काका गेले. दहाव्याला प्रकाशा या तीर्थगावच्या घाटावर कावळा पिंडाला शिवेना. शेवटी तिचा नवरा हेमकांत हात जोडून म्हणाला, "काका, तुम्हनी गाडी मी ईकनार नही." कावळ्याने लगेच चोच लावली.

आठवडा उलटायच्या आत गाडी भंगारात, वजनावर गेली.

"शब्द कावळाले दिधा व्हता, काकाले नही!" हेमकांत हसला. चेतनाने त्या दिवसापासून प्रायश्चित्त म्हणून एकभुक्त धरलं, दिवसातून एकदाच जेवायचं.

रोज सकाळी गाडीच्या मोकळ्या जागी ती रांगोळी काढी, आणि पाठ फिरली की रांगोळीत काळ्या तेलाचा ताजा थेंब दिसे. मग तो तुळशीपाशी दिसू लागला. काल उंबऱ्यावर होता.

आज कुठेच नव्हता. देवाला हात जोडून ती नवऱ्याला उठवायला गेली.

त्याच्या कानाखाली, पांढऱ्या उशीवर, काळा थेंब होता. तिने बोट लावलं. कोमट होता.

तिच्या देखत त्याच्या कानातून दुसरा ठिबकला.