हिरवा माणूस

जुन्या उर्दू दास्तानीवरून सिनेमा निघत होता. त्यातला सुपरहिरो जादूच्या नगरीवरून उडत जायचा. शूटिंगच्या वेळी त्याला खांद्यावर पेलून धरणारा हिरव्या कपड्यातला माणूस कॉम्प्युटरवर पुसून टाकायचं काम तिच्याकडे होतं. त्याचा चेहरासुद्धा हिरव्या कापडाने झाकलेला. दिवसभर पुसून पुसून तिचे डोळे चुरचुरत होते, मान आखडली होती.

"याचा डावा गुडघा बघ कसा लटपटतोय," मागे उभे असलेले साहेब वैतागले. "असली म्हातारी माणसं कुठून पकडून आणतात कोण जाणे! पूस आधी."

"हो सर," ती म्हणाली. बाकी सगळं पुसलं आणि गुडघा अगदी शेवटी पुसला.

ती घरी आली तेव्हा बाबा कॉटवर पाय पसरून पडले होते आणि आई त्यांच्या डाव्या गुडघ्याला मलम चोळत होती.

"आला का माझा सीन तुझ्याकडे?" बाबांनी विचारलं.

"आजच संपवला."

"मी दिसत नाही ना कुठे?"

"नाही बाबा. कुठ्ठेच नाही."

"मग जमलं म्हणायचं," बाबांनी दमून डोळे मिटले.

आईचा हात थांबला. "अगं बाई! आणि मी अख्ख्या बिल्डिंगला सांगून बसलेय, ह्यांना बघायला चला म्हणून. आता काय दाखवू त्यांना?"

"त्यात काय एवढं!" डोळे न उघडताच बाबा म्हणाले. "तो हिरो पडत नाहीये ना, म्हणजे खाली मी आहे."