पडता भाव

"चाल लवकर, नरवाडे मालेगावच्या स्टँडवर येऊन थांबले असतीन," रामराव खालून म्हणाले.

प्रज्वल सोयाबीनच्या पोत्यांच्या थप्पीवर बसला होता. वाशीमकडच्या जऊळक्यातल्या त्या घरात मोबाइलला रेंज मिळायची ती फक्त तिथे, पार छताच्या टिनाजवळ. रामरावांनी धुतलेले कपडे घातले होते. मोठ्या रस्त्यात गेलेल्या वावराच्या मोबदल्यातून आज शिरपूरच्या नरवाडेंचं तीन एकर वावर घ्यायचं होतं. पैसे प्रज्वलच्या खात्यावर होते. म्हणजे, रामरावांना तसं वाटत होतं.

"बाबा, पैसे खात्यात नाहीत," प्रज्वल म्हणाला. "क्रिप्टोत हायेत. कॉइन घेतले."

रामराव काही अडाणी नव्हते. वाशीमचा बाजारभाव ते रोज फोनवर बघायचे, आणि क्रिप्टोत बुडालेली दोन घरंही त्यांना ठाऊक होती; तो माल डोळ्यांनी मात्र कधी पाहिला नव्हता. ते थप्पीवर चढले आणि मुलाच्या बाजूला बसले.

प्रज्वलने स्क्रीन पुढे केली. भावाच्या लाल-हिरव्या काड्यांवर त्याने स्वतः ओढलेली एक आडवी रेघ होती.

"भाव तीनदा या रेघेले टेकला अन् माघारी आला. चौथ्या खेपेले फोडून वर गेला. याले ब्रेकआउट म्हन्तेत. असं झालं का भाव वर पयतेच. म्हनून सारे पैसे लावले. वाटलं, खरेदीच्या दिवसापर्यंत तीनाचे पाच एकर होतीन."

"मंग?"

"फसवा निंघाला. रेघेच्या खाली आला, अन् उतरूनच राह्यला." त्याने रेघेखाली बोट ओढलं. "खाली आला का इकून मोकयं व्हाचं, असा नियम हाये. मी कालपासून थांबलो. आता इकलं त एक एकर तरी निंघते. इकू?"

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणारं पोरगं, कानाखाली वाजवायला हवी होती. रामरावांनी त्याचं मनगट धरलं.

"थांब. पडत्या भावात माल इकाचा नाही."

हे त्यांचं जन्माचं शहाणपण. ते ज्या पोत्यांवर बसले होते, तीही याच शहाणपणाची. भाव चढत होता तेव्हा आणखी चढेल म्हणून ठेवलेली, आणि पडला तेव्हा पडत्यात कशी विकायची म्हणून ठेवलेली. आता दाण्यांना भुंगे लागले होते.

"बाबा, हे सोयाबीन नाही."

"माल थो माल."

प्रज्वलचा अंगठा विकायच्या बटणावर होता. खरं तर त्याला हेच कुणाकडून तरी ऐकायचं होतं. त्याने अंगठा उचलला.

दोघं बघत राहिले. लाल काडी लांबत गेली, तिच्या शेजारी दुसरी उमटली, तीही लालच. एका एकराचं अर्धं झालं. तरी दोघांपैकी कुणी बटणाला हात लावला नाही. मग अर्ध्याचंही अर्धं झालं.

प्रज्वलची आई, प्रयागबाई, दारात आल्या. "नव्या वावरात फोडाले नारय घेतलं पिशवीत. निंघा ना आता बापलेक, गाडी जाईन."



रामराव खाली उतरले. धुतलेला सदरा काढून त्यांनी खुंटीला अडकवला आणि कोपऱ्यातलं एक पोतं बाजूला ओढायला लागले. पोतं जागचं हलेना.

"काय करून राह्यले, बाबा?"

"जागा करतो." त्यांना धाप लागली होती. "कुठी ठुला हाये तुनं थो माल? घरी आनून घे. आपल्या डोयापुढं राहीन, मंग भाव येऊ दे कवाबी."

प्रज्वलने फोन थप्पीवर पालथा ठेवला. तो खाली उतरला आणि त्याने पोत्याचं दुसरं टोक धरलं.