दोघांचा फोटो

व्हिसा कचेरीचं दुसरं पत्र आलं. लग्नाचे फोटो मिळाले, पण त्यानंतरच्या तीन वर्षांत नवरा-बायको एकत्र राहिल्याचा आणखी पुरावा आठवड्याभरात पाठवा. नवरा तिकडे परदेशात, म्हणून इकडे तिनं फोनमधले सगळे फोटो छापून आणले आणि टेबलावर मांडले. पाहते तर दोघं एकत्र असा एकही नाही! त्याचे तिनं काढलेले, तिचे त्यानं. परक्याच्या हातात फोन द्यायचा म्हटलं की त्याच्या अगदी जिवावर यायचं.

सासूबाई चष्मा सरसावून एकेक फोटो न्याहाळू लागल्या.

"अगं, तुझ्या प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात हे गुलाबी गुलाबी काय आहे गं?"

"बोट आहे तुमच्या लेकाचं! हजारदा सांगितलं, कॅमेऱ्यावरचं बोट बाजूला घे. ऐकेल तर शपथ!"

बोलता बोलता ती थबकली. तिनं फोटो पुन्हा हातात घेतले. बागेत होतं, स्टेशनवर होतं, भाड्याच्या घराच्या पायरीवरही होतं.

तिनं पेन उघडलं आणि प्रत्येक फोटोखाली नीट अक्षरात लिहिलं, "मध्ये मी. उजव्या कोपऱ्यात माझा नवरा."