हालस्टाटची कॅसेट

ऑस्ट्रियाला नेऊनही गुणवंतानं आपल्याला धड काही बघू दिलं नाही, हा द्वारकाबाईंचा लेकावर राग होता. हालस्टाटच्या त्या जुन्या, देखण्या गावात दिवसभर हँडीकॅम डोळ्याला लावून त्याचं एकच पालुपद, "आई, इकडे कॅमेऱ्यात बघ, हात हलव! गाव काय, घरी टीव्हीवर निवांत बघशील."

दुबईला परतल्यावर करामा भागातल्या आपल्या घरी शेजारीपाजारी जमले, चहा आला, कॅसेट लागली. हँडीकॅमचं बटण दिवसभर उलटं दाबलं गेलं होतं. कॅमेरा डोळ्याला लावला की बंद, खाली सोडला की चालू! पडद्यावर दगडी फरशीवरून नुसते गुणवंताचे बूट चालत राहिले.

द्वारकाबाईंनी कपबशी खाली ठेवली.



"गुण्या, तुझे बूटच बघायचे होते, तर आपला करामा काय वाईट होता रे?"