रिकाम्या पाड्यावरची दवंडी

आमचा सुरगाण्याकडचा अख्खा पाडा पोटासाठी नाशकाला गेला, तरी ग्रामसभेची दवंडी द्यायला गावचे कोतवाल बहिरूकाका त्या रिकाम्या घरांपुढे अजून जातात. दारात उभं राहून नाव पुकारायचं आणि आतून 'हो' यायचं, अशी आमच्याकडची जुनी रीत.

यंदा मी गेलो, तर काकांनी मिठीच मारली. "काशिनाथ, लय दिसांनी आला रं!"

आम्ही दोघं निघालो. कुलूपबंद दारं गप्प होती. आई चुलीपुढूनच 'हो' म्हणायची, ते आठवलं.

आमच्या दारात काकांनी हसत माझंही नाव पुकारलं.

मी तोंड उघडणार, तोच आतून माझाच आवाज आला, "हो, काका!"

काका समाधानानं वळले आणि मला बघून थबकले.

"तू कोन रं? कोनाकडं आला?"